सीलबंद शिपायाची अमानत

जुन्या खेळण्यांचा निष्ठेने संग्रह करणाऱ्या गृहस्थांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो: पुठ्ठ्यावरील पारदर्शक कवचात चाळीस वर्षे अस्पर्श राहिलेले खेळणे उघडावे, की तसेच जतन करावे? बाजाराचा कौल स्पष्ट आहे. सील शाबूत असेल तर मोल कैक पटींनी चढते, आणि कवचाला एकदा कात्री लागली की ते मोल पुन्हा येत नाही. तथापि, काही अपवाद वगळता खेळणे उघडावे असेच माझे मत आहे, आणि त्यासाठी 'जी. आय. जो' या अमेरिकन सैनिकाची साक्ष मला पुरेशी वाटते.

'हास्ब्रो' कंपनीने १९६४ साली आणलेला हा बारा इंची शिपाई १९८२ मध्ये पावणेचार इंचांचा होऊन पुन्हा अवतरला, आणि पुढे १९८७ साली स्थापन झालेल्या, गोव्यात कारखाना असलेल्या 'फनस्कूल'ने त्याला भारतीय मुलांच्या हाती दिले. त्यातील काही शिपायांची रंगसंगती मूळ नमुन्यांहून इतकी निराळी होती की आज परदेशचे संग्राहकही त्यांच्या शोधात असतात. या शिपायाचे धड, कंबर आणि पाय ज्याच्या आधाराने एकत्र राहतात, ते पोटातले एक बारीक रबरी कडे होय. रबरावर काळाचा अंमल कवचाच्या आतही चालतोच. ते सुकते, चिरते, तुटते, आणि बाहेरचे सील निष्कलंक असताना आतला शिपाई कमरेत दुभंगतो. उघडलेल्या शिपायाच्या पाठीतील स्क्रू फिरवून नवे कडे बसवणे हे काही क्षणांचे काम आहे. सीलबंद शिपायाच्या धन्याला मात्र आपल्या मौल्यवान मालाची मोडतोड कवचातून पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. अमानत सांभाळणाऱ्याने अमानतीची खातरजमाच करू नये, हा न्याय कोणत्या दफ्तरात बसेल?

पुठ्ठ्याची साक्षही याच बाजूची आहे. त्याच्या पाठीवर शिपायाचे सांकेतिक नाव, जन्मस्थान आणि लष्करी कौशल्य नोंदवलेले चरित्रपत्रक छापलेले असे, आणि ते कापून जपून ठेवावे म्हणून भोवती तुटक रेषा आखलेली असे. ही चरित्रे बहुतांशी लॅरी हामा यांनी रचली, ती मुलांनी कात्री चालवून आपल्या पेटीत ठेवावीत यासाठीच. ज्या वेष्टनावर निर्मात्यानेच कापण्याची रेषा आखून दिली, ते अभंग ठेवण्यालाच परमनिष्ठा मानणे हे त्या वस्तूच्या हेतूशी विसंगत आहे.

वेष्टन हाही इतिहासाचा दस्तऐवज आहे, हा प्रतिपक्षाचा मुद्दा मला सर्वस्वी मान्य आहे. म्हणूनच उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कवच खालच्या कडेने हळुवार सोडवावे आणि पुठ्ठा खेळण्याइतक्याच आस्थेने राखावा. ज्या शिपायांचे मोजकेच सीलबंद नग जगात उरले असतील, ते रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग'सारख्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावेत. तेथे ते सर्वांचे होतील, आणि उघडावे की नाही याचा निर्णय जाणकार घेतील.

परंतु सामान्य नगाच्या बाबतीत संग्राहकाने एक ऋण ध्यानी घ्यावे. सीलबंद शिपाई आज दुर्मिळ आहे, कारण असंख्य मुलांनी आपापला शिपाई मिळाला त्याच दिवशी उघडला, अंगणातल्या मातीत लढवला आणि झिजवला. त्यांनीही तो जपून ठेवला असता, तर या पुठ्ठ्याला आज कोणी विचारले नसते. ज्यांच्या खेळामुळे आपल्या संग्रहाला मोल आले, त्या मुलांइतका विश्वास आपणही त्या खेळण्यावर टाकावा. ज्यांच्यापाशी एकाच शिपायाचे दोन नग असतील, त्यांनी निदान एकाचे कवच सोडवावे, पाठीतला स्क्रू काढून नवे कडे घालावे, आणि त्याला प्रथमच आपल्या पायांवर उभे करावे.