‘पोलिसात नको, आपसात मिटवू’ : हा सल्ला रुग्णाला महाग पडतो

कुर्ल्यात एल.बी.एस. मार्गावर किंवा सीएसटी रोडवर कारने एखाद्या स्कूटरवाल्याला ठोकले, की पाच मिनिटांत रस्त्यातच न्यायालय भरते. पानवाला, रिक्षावाले, येणारे-जाणारे सगळे न्यायाधीश. निकाल ठरलेला असतो : "फार लागलं नाही ना? मग दोन-तीन हजार घ्या आणि विषय संपवा. पोलिसांच्या भानगडीत कुठे पडता?" जखमी माणूस कपडे झटकतो, नोटा खिशात घालतो आणि लंगडत घरी जातो. दोन दिवसांनी तो माझ्यासारख्या डॉक्टरसमोर बसलेला असतो.

मला या सल्ल्याचा राग येतो, आणि त्याचे पहिले कारण वैद्यकीय आहे. धडक बसल्यावर शरीरात ॲड्रेनलिन उसळते आणि तेवढ्यापुरती वेदना दबते. मानेला बसलेला हिसका बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो, मान वळेनाशी होते तेव्हा. पोटाला हँडल लागले असेल तर प्लीहेची जखम काही वेळा काही दिवसांनी फुटते. सगळ्यात फसवी डोक्याची जखम. वय साठीच्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठत जाते. दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखू लागते, बोलण्यात गोंधळ होतो, एक पाय ओढला जातो. घरचे म्हणतात, वय झाले. सीटी स्कॅन केल्यावर खरे कारण दिसते. मग रस्त्यावर ठरलेली ती दोन-तीन हजारांची किंमत नेमकी कशाची होती? जखम किती आहे हे त्या क्षणी डॉक्टरलाही सांगता आले नसते, तिथे पानवाल्याने ते ठरवून टाकले.

पैसे कोण देतो?

"जाऊ द्या डॉक्टर, तोही गरीब होता बिचारा." हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. माणुसकी म्हणून छान आहे, पण हिशेब चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे प्रत्येक गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १५० सीसीपर्यंतच्या साध्या स्कूटरलाही २०२२ च्या दरांनुसार वर्षाला ७१४ रुपये हप्ता पडतो, आणि तो यासाठीच असतो. गाडीचा विमा चालू असेल तर जखमीची भरपाई साधारणपणे विमा कंपनी देते, चालकाच्या खिशातून ती जात नाही. कारवाल्याने रस्त्यावर दिलेले दोन-तीन हजार ही दया नव्हे. लाखांची जबाबदारी त्याने स्वस्तात मिटवलेली असते. त्याला भीती विम्याची नसते, एफआयआरची असते. त्याची भीती मी समजू शकतो. पण तिचा खर्च तुम्ही का उचलायचा?

"माझ्याकडे मेडिक्लेम आहे" हेही उत्तर नाही. मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल भरतो. तीन महिने बुडालेला पगार, कायमचा वाकडा राहिलेला हात, घरी ठेवावी लागलेली बाई, टॅक्सीचा खर्च हे त्यात येत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे कलम १६६ च्या दाव्यात, हे सगळे मागता येते.

केसपेपरवर काय लिहिले जाते

आता माझ्या स्वतःच्या जमातीबद्दल. काही नर्सिंग होममध्ये अपघाताचा रुग्ण आला की एमएलसी नको म्हणून त्याला सरकारी रुग्णालयाकडे पिटाळतात, नाहीतर केसपेपरवर नुसते ‘पडून इजा’ असे लिहून मोकळे होतात. कधी कधी हा आग्रह रुग्णाचाच असतो : "घरी बाथरूममध्ये पडलो असं लिहा ना, पोलीस नकोत." मी तसे लिहीत नाही आणि कोणत्याही डॉक्टरने लिहू नये. एमएलसी म्हणजे तुमच्यावर खटला नव्हे. इजा कशी झाली याची ती नोंद असते. एकदा ‘बाथरूममध्ये पडले’ असे लिहिले गेले, की चार महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो आणि अपघात झालाच नव्हता म्हणतो. तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसते.

तातडीचे उपचार पोलिसांची वाट न पाहता द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘आधी पोलीस, मग टाके’ असे कोणी म्हणाले तर ते ऐकून घेऊ नका. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजनाही आहे. तिच्यात अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार येतात. तुमचे रुग्णालय तिच्यात आहे का, हे दाखल होतानाच विचारा.

डॉक्टरला सांगताना तारीख, वेळ, जागा, समोरच्या गाडीचा नंबर आणि तुम्ही कोणत्या बाजूने जात होता ते सांगा. दुखते ते प्रत्येक ठिकाण सांगा, अगदी किरकोळ वाटले तरी. नंबर मिळाला असेल तर एम-परिवहन ॲपवर विमा चालू आहे का ते दिसते. कारवाला पळून गेला आणि नंबरही मिळाला नाही, तरी तक्रार करा. हिट अँड रनसाठी वेगळी सरकारी भरपाई आहे : मृत्यूला दोन लाख, गंभीर इजेला पन्नास हजार. रक्कम तोकडी आहे, पण पोलिसात नोंदच नसेल तर तीही मिळत नाही.

अपंगत्वाचा टक्का

इथे सगळ्यात जास्त नुकसान होते. समजा, डावे मनगट मोडले, जोडले, पण ताठर राहिले. प्रमाणपत्रावर त्या हाताचे पंधरा-वीस टक्के लिहिले जातात. बँकेत खुर्चीवर बसणाऱ्याचे त्याने फार अडत नाही. रिक्षा चालवणाऱ्याचा क्लच आणि गिअर मात्र त्याच हाताला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हाच फरक सांगितला : अवयवाचे अपंगत्व वेगळे आणि कमाईची गेलेली क्षमता वेगळी. म्हणून आपले काम नेमके काय आहे, कोणत्या हाताने काय करता, हे डॉक्टरला सांगून लिहून घ्या. आणि हाड जुळून, फिजिओथेरपी होऊन स्थिती स्थिर होईपर्यंत विमा कंपनीच्या कोणत्याही तडजोडीवर सही करू नका. कलम १६४ खालची रक्कम (गंभीर इजेला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख) कंपनीकडून स्वीकारली, तर न्यायाधिकरणातला दावा संपतो.

मात्र थांबायलाही मर्यादा आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. आधी दाखल करा, अपंगत्वाचे कागद नंतर जोडता येतात. दावा तुम्ही राहता तिथेही करता येतो. गावी जाऊन महिनाभर पडून राहिलेल्या कुर्ल्यातल्या कामगारांना हे कोणी सांगत नाही.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची ३३२ क्रमांकाची बस गर्दीत घुसली. नऊ माणसे गेली, चाळीसहून अधिक जखमी झाली. मंत्री आले, मृतांच्या नातेवाइकांसाठी मदत जाहीर झाली. तेव्हा अनेकांना वाटले की भरपाई मिटली. तसे नाही. जाहीर झालेली मदत वेगळी आणि न्यायाधिकरणाची भरपाई वेगळी. मदत घेतली म्हणून दाव्याचा हक्क जात नाही. आणि तुम्हाला एकट्याला एखाद्या कारने ठोकले तर मंत्री येणार नाहीत. तिथे तुमच्या बाजूने एफआयआर, एमएलसी आणि नीट लिहिलेला केसपेपर एवढेच उभे राहते.

रुग्णालयाच्या गेटवर कार्ड वाटणाऱ्या, ‘मिळेल त्यातले तीस टक्के’ मागणाऱ्या एजंटाला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. वकील स्वतः शोधा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले यांच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी ठेवा. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत विचारून ठेवा, की गरज पडली तर साक्षीला याल का. काहीजण तोंड वाकडे करतील. त्यांना हा लेख दाखवा.