पँथरचं नाव घेतलं, सुई घ्यायची राहिली

दुर्मिळ आजार म्हणे! कुणाला दुर्मिळ? दादरच्या हिंदू कॉलनीत असेल. चंद्रपूरकडं माझ्या बहिणीच्या वस्तीत जा आणि नुसतं ‘सिकल’ म्हणा, म्हातारीसुद्धा बोटानं घरं दाखवते.

मी गोदीत माल उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता करतो, डॉक्टर नाय. तरी बोलणार. कारण माझा भाचा नऊ वर्षांचा होईस्तोवर त्याच्या रोगाला कुणी नाव दिलं नव्हतं. हाडं फुटायची त्याची. रात्ररात्र गुरासारखा ओरडायचा. तिकडच्या एका डॉक्टरनं संधिवात सांगितला, दुसऱ्यानं रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चारल्या. शेवटी ताईनं पोराला खांद्यावर टाकलं आणि आठशेच्या वर किलोमीटर गाडीच्या जनरल डब्यात बसून आली. दादरला मी उतरवून घेतलं. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात तीन दिवस रांग. पोरगं कळवळतंय आणि तिथली बाई म्हणते, नाटक करतंय. च्यायला, नऊ वर्षांचं पोर, नाटक! एका शिकाऊ डॉक्टरपोरीनं रक्त तपासायला धाडलं तेव्हा कुठं कळलं.

तांबडी पेशी वाटोळी असते. या रोगात ती विळ्यासारखी वाकते, बारीक नसेत अडकते, पुढं रक्त जात नाही. ती कळ. आई आणि बाप दोघांकडनं हा जीन आला तर रोग. एकाकडनंच आला तर माणूस वाहक, एरवी ठणठणीत. उलट मलेरियाशी झुंजायला तोच जीन कामी येतो, म्हणून मलेरियाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. नवराबायको दोघं वाहक असले की दर बाळंतपणाला चारात एक धोका.

यावर शहाणे म्हणतात, हा महारांचा रोग. मग आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये कुठले महार गेले होते? गोंडांत आहे, भिल्लांत आहे, पावऱ्यांत आहे. रक्तानं जात केली नाही, जातीनं रक्त कोंडलं. बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, त्यात जातीचं मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात दाखवलं. तो निबंध मला माझ्या भाच्याच्या रिपोर्टवर दिसला. आणि आपण काय करतो? रिपोर्ट लपवतो. पोरीचं लग्न मोडेल म्हणून. पत्रिका जाळली म्हणून छाती ठोकणारेही लपवतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे, एवढं घराघरात कोण सांगणार?

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी सांगितलं. १९७१ पासून त्यांनी काळ्यांच्या वस्त्यांत सिकलची फुकट तपासणी चालवली. स्वतःचे दवाखाने काढले, दार ठोठावून बोटाला सुई टोचली. सरकारनं दुर्लक्ष केलं म्हणून बोंबलतही राहिले. १९७२ साली निक्सनला सिकलच्या कायद्यावर सही करावी लागली. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचं नाव घेतलं, भाषा घेतली, संताप घेतला. सुई कुठं घेतली, दोस्तांनो?

परळला केईएमच्या आवारात रक्ताच्या रोगांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ‘बॉम्बे’ रक्तगट याच परळात १९५२ साली सापडला. विद्या परळला, कळ चंद्रपूरला. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये सिकलवर जीन बदलायचा उपचार मंजूर झाला, किंमत बावीस लाख डॉलर. तो त्यांना लखलाभ. आम्ही मागतो ते जुनंपानंच आहे. बाळ जन्मल्याबरोबर तपासणी. लहानग्यांना रोज पेनिसिलिन. त्यानं पोरं जंतुसंसर्गापासून वाचतात हे १९८६ सालीच सिद्ध झालंय. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल, लसी, आणि कळ उठली की ‘नाटक’ न म्हणता वेदनाशामक देणारा माणूस. हे सगळं गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, चालत जाता येईल इतक्या अंतरावर.

सरकारनं जुलै २०२३ मध्ये मोहीम काढली. आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत रोग हटवायचा. आदिवासींना आधी, बरोबरच आहे. पण नागपूरच्या झोपडपट्टीतलं बौद्ध पोर कुठल्या रांगेत उभं राहणार? आणि २०४७ ला माझा भाचा तिशी ओलांडेल. जगला तर.

सहा डिसेंबरला अख्खा विदर्भ चैत्यभूमीला येतो, शिवाजी पार्कात झोपतो. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल लावू, असं मी बैठकीत म्हटलं. बोटाचे दोनचार थेंब रक्त, काही मिनिटांत पहिला अंदाज. संशय आला तर पक्की तपासणी. नाव कागदावर त्याच माणसाच्या हातात, दुसऱ्या कुणाच्या नाही. एक विचारवंत साथी म्हणाला, हे समाजसेवेचं काम, क्रांतीचं नव्हे. मी विचारलं, कळ उठलेल्या पोराला क्रांती म्हणजे काय ते तू समजावशील का? गप्प बसला. चहा मात्र माझ्याच पैशानं प्याला.

गोदीतल्या चौघांनी टेबल उचलायला नावं दिलीत. रक्त तपासायला शिकलेली माणसं हवीत, पॅथॉलॉजी शिकणारी आपली पोरंपोरी कुठं आहेत? मंगळवारी ताई भाच्याला घेऊन परत येतेय. मी रात्रपाळी उरकून दादरला फलाटावर असेन.