थंडीचे वायदे

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्यासारख्या काही लोकांचा हंगाम सुरू होतो. पाऊसवेडे वेगळे, त्यांचा हंगाम मे महिन्यात अंदमानपासून सुरू होतो. आम्ही थंडीवेडे. काश्मीरात बर्फ कधी पडणार, उत्तरेचा वारा खाली कधी उतरणार, शिरूरचा पारा दहाच्या खाली कधी जाणार, हे सगळं आम्हाला पंधरा दिवस आधी कळायला हवं असतं. मग मोबाईलवर नकाशे उघडून बसायचं, तारीख पुढे पुढे सरकवायची आणि महाराष्ट्रावर निळा रंग पसरलेला दिसला की लगेच घरच्या ग्रुपवर टाकायचं, "२० तारखेनंतर कडाका! गोधड्या काढा!"

आमचा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याची पोरं बर्फाच्या अंदाजावर डोळा ठेवून असतात, कारण बर्फ म्हणजे शाळेला सुट्टी. आपल्याकडे तो लाभ नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, तेवढाच आपला बर्फ. शिरूर-दौंडात आभाळातून पांढरं काही पडलं तर ती गारपीट, आणि तिची वाट कुणी बघत नाही.

पण बर्फाशी आपला काही संबंध नाही असं समजू नका. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळ्यात हिमालयाला येऊन धडकतात आणि तिथे बर्फ पडतो. ते पुढे सरकले की त्यांच्या मागून कोरडा, गार वारा उत्तर भारतातून खाली वाहू लागतो. मध्य प्रदेश, खानदेश, नाशिक करत तो आपल्यापर्यंत पोचला की इकडे स्वेटर निघतात. म्हणजे गुलमर्गच्या बर्फाची बातमी ही आपल्यासाठी थंडीची एक आगाऊ चिठ्ठीच. फक्त ही चिठ्ठी दर वेळी पोचतेच असं नाही. मध्येच बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काहीतरी शिजतं, पूर्वेकडून दमट वारा येतो, रात्री ढग येतात, आणि ढगांची गोधडी पांघरल्यावर जमीन कशाला गार होतेय? नकाशावरचा निळा रंग दोन दिवसांत हिरवा होतो, आणि आम्ही मंडळी सुतकात.

शिरूर आणि दौंड ही तशी थंडीला सोयीची गावं. घाटापासून लांब, मोकळं माळरान, कोरडी हवा. घोड आणि भीमेच्या काठची सखल रानं तर अशी, की रात्री जड झालेली गार हवा पाण्यासारखी उताराने तिथे येऊन साचते. पुण्यात सिमेंट इतकं झालंय की एकाच पहाटे शिवाजीनगर आणि मगरपट्टा यांच्या तापमानात चार-पाच अंशांचा फरक दिसतो. (पुण्याचा नीचांक १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चा. थंडीवेड्यांना ही तारीख लग्नाच्या तारखेआधी आठवते!)

आता थोडा इतिहास, कारण पुढचा मुद्दा त्याशिवाय नीट मांडता येणार नाही. पुण्यात शिवाजीनगरला शिमला ऑफिस आहे. बस तिथे थांबते, चौकालाही तेच नाव. शिमल्याचं नाव पुण्यात कुठून आलं? तर भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय आधी शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नाव राहिलं, आणि मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचं कामही पुण्यातच राहिलं. हे खातं १८७५ साली सुरू झालं आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला पुढच्या पावसाचा अंदाज आधी हवा होता. ब्लॅनफर्डनी हिमालयातला बर्फ बघितला. तिथे बर्फ जास्त तर पुढचा पाऊस कमी, असा संबंध त्यांना दिसला. त्यावरून १८८६ साली मान्सूनचा पहिला नियमित दीर्घ पल्ल्याचा अंदाज निघाला.

म्हणजे बघा, आपल्या देशात लांबचा अंदाज जन्माला आला तो बर्फाकडे बघून, आणि तो हौसेतून आला नाही. दुष्काळात माणसं मेली म्हणून आला. दख्खनच्या ज्या कोरड्या पट्ट्याने त्या दुष्काळात मार खाल्ला, त्यातच आपले हे दोन तालुके येतात.

आता मुद्द्यावर येतो.

लांबचा अंदाज वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. तो वेगळ्या जातीचा असतो. अमेरिकन जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि १६ दिवसांपर्यंतचे आकडे देतं. सकाळी बघितलं तर १४ व्या दिवशी दौंडला ७ अंश, संध्याकाळी बघितलं तर १४. दोन्ही आकडे त्याच यंत्राचे. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकाला सहा दशांश स्थळांऐवजी तीनच दिली, तेवढ्या फरकाने पुढचं सगळं हवामान बदलून गेलं. तेव्हापासून हे माहीत आहे की साधारण दोन आठवड्यांच्या पलीकडे एखाद्या ठरावीक दिवसाचं हवामान सांगणं जवळपास अशक्य. म्हणून शहाणी केंद्रं एकच उत्तर देत नाहीत. युरोपचं केंद्र सुरुवातीची स्थिती जराजरा बदलून तेच मॉडेल पन्नासेक वेळा चालवतं आणि किती वेळा थंडी आली ते मोजतं. आपलं हवामान खातंही दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं, तो आठवड्याच्या सरासरीचा असतो. "तिसऱ्या आठवड्यात नेहमीपेक्षा थोडं गार राहण्याकडे कल" इतकंच. त्यात तारीख नसते, पहाटेचा आकडा नसतो. आणि म्हणूनच तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

आमची गंमत अशी, की अंदाज जितका लांबचा तितका आमचा उत्साह जास्त. १५ दिवसांवर थंडी असते तेव्हा नुसता धुमाकूळ. आठ दिवसांवर आली की चर्चा बरी चालते. तीन दिवसांवर येते, म्हणजे जेव्हा अंदाज खरोखर भरवशाचा होतो, तेव्हा आम्ही पुढच्या लाटेच्या शोधात निघून गेलेलो असतो! आमच्या उत्साहाचा आलेख आणि उपयोगाचा आलेख एकमेकांच्या बरोबर उलटे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीबद्दल आहे.

दौंडच्या मामांना हे एका वाक्यात कळलं होतं. मी मोठ्या उत्साहाने पुढच्या पंधरवड्याची थंडी सांगत होतो. ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी काय व्हायचं ते होऊ दे. परवा रात्री किती उतरणार ते सांग. लाईट रात्रीची आहे."

शेतीची थ्री फेज वीज काही आठवडे दिवसा आणि काही आठवडे रात्री, हे गणित शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. सौर वाहिन्यांमुळे काही भागांत आता दिवसा वीज मिळू लागली आहे, पण सगळीकडे नाही. रात्रीच्या पाळीत माणूस गारठ्यात, ओल्या वाफ्यात उभा राहून दारं धरतो. शिरूरकडे उसात बिबटे आहेत, ती धास्ती वेगळीच. अशा माणसाला परवाच्या रात्रीचा आकडा म्हणजे करमणूक नव्हे.

पिकांचंही तसंच. थंडी सगळ्यांना सारखी नसते. गहू-हरभऱ्याला ती हवी. तोडणीला आलेल्या उसाचा उतारा थंडीत सुधारतो. पण ज्वारी फुलोऱ्यात असताना कडाका पडला तर दाणा नीट भरत नाही, आणि कांद्याला लांबलेली थंडी लागली की डेंगळे येतात. नदीकाठच्या सखल तुकड्यात दव गोठायची भीती असेल तर रात्री पाणी द्यायचं, पहाटे बांधावर धूर करायचा, हे उपाय जुनेच आहेत. पण ते करायला दोन-तीन दिवस आधी कळावं लागतं. पंधरा दिवस आधी कळून माणूस फक्त काळजी करतो.

आणि ज्यांच्याकडे वाफाही नाही, त्यांचं काय? दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगार येतात. कारखान्याच्या आजूबाजूला, रानात कोप्या घालून राहतात. पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, आत लेकरं, आणि पहाटे अंधारात फडावर जायचं. मेंढपाळांचे वाडे उघड्या रानात, सोबत नुकती जन्मलेली कोकरं. आमच्या नकाशातला जांभळा रंग या लोकांच्या अंगावर पडतो. आम्ही मात्र खिडकी लावून "मजा आली, ८ अंश!" म्हणतो.

थंडी आवडू नये का? आवडावी की. मला स्वतःला शेकोटी, हुरडा, पहाटेचा धूर हे सगळं प्रिय आहे. हवामानाची वाट बघणं ही माणसाची जुनी हौस आहे. अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतात, तीही तीच ओढ. फरक एवढाच की मॉडेल आपल्याला शक्यता मोजून देतं, आणि आपण ती शक्यता खोडून भविष्य करून टाकतो. विज्ञानाचा नकाशा हातात घेऊन वाहन बेडूक की म्हैस असं सांगायचं असेल, तर एवढे संगणक कशाला?

काही जण म्हणतील, इशारे देणं हे वेधशाळेचं काम, हौशी माणसाने हौस करावी. अर्धं बरोबर आहे. इशारा खात्यानेच द्यावा, ते देतंही. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, 'मेघदूत' ॲपवर मराठीतही मिळतो. थंडीची लाट कशाला म्हणायचं याचा नियमही ठरलेला आहे. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली, आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंश कमी. पण सल्ला जिल्ह्याचा असतो. घोडेच्या काठचा कुठला तुकडा जास्त गारठतो आणि कुठल्या माळावर कोप्या पडल्यात, हे वेधशाळेला कसं कळणार? ते गावातल्या माणसाला माहीत असतं. आणि नकाशा बघायची सवय, तीही रोजची, आमच्यासारख्यांना असते. या दोन माणसांची गाठ पडली तर हौसेचं सोनं होईल.

म्हणून मी आपला एक साधा नियम केला आहे. १५ दिवसांचा नकाशा खुशाल बघायचा, पण तो आपल्यासारख्याच चार वेड्यांत ठेवायचा. आठवडाभरावर आलं की "शक्यता आहे" इतकंच म्हणायचं. आणि तीन दिवसांवर आलं की मात्र कंटाळा करायचा नाही. खात्याचा अंदाज बघायचा आणि मामांना फोन करायचा. ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं नाही. मामा वस्तीवर सांगतात, वस्तीवरून मुकादमाला कळतं. कधी त्यातून जास्तीची एखादी ताडपत्री निघते, कधी दोन जुनी पांघरुणं.

शिवाय अंगणात एक थर्मामीटर टांगलाय, सावलीत, भिंतीपासून जरा लांब. शेजारी वही. एका रकान्यात अंदाज काय होता, दुसऱ्यात पहाटे प्रत्यक्ष काय निघालं. कुणाचा अंदाज किती धरायचा ते ही वही हळूहळू शिकवते.

शिरूर, दौंड, पारनेर, श्रीगोंद्याकडची मंडळी हे वाचत असतील तर त्यांनीही एक थर्मामीटर टांगावा, फार महाग नसतो. पहाटेचे आकडे जमले तर मला कळवा. आणि हो, दौंडच्या मामी, मामांना सांगा, फोन रात्री चार्जिंगला लावून ठेवा म्हणावं. गेल्या वेळी तीनदा लावला, लागला नाही.