तंत्रशिक्षण गावाच्या पैशातून व्हावे, आणि फुकट व्हावे



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खताच्या मात्रा आणि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण बांधाबाहेरचा नाही.

गेल्या हंगामात आमच्या गटातील एक सभासद भगिनी शेतकी ऑफिसात आल्या. मालक वारलेले, सव्वा एकर खोडवा. ऊस जाऊन तीन आठवडे झाले होते. विचारू लागल्या, "साहेब, माझा ऊस किती टन भरला?" आम्ही म्हणालो, "मावशी, काट्यावर वजन झालं की मोबाईलवर मेसेज येतोय की." त्यांनी पिशवीतून फोन काढून आमच्या पुढ्यात ठेवला. त्यात मेसेज नव्हता. नोंद काढून पाहिली, तर नंबर त्यांच्या पुतण्याचा; तो कामाला पुण्यात. नोंद घेताना आमच्याच चिटबॉयने जो नंबर हाती आला तो लिहून टाकला होता. चूक आमच्या खात्याची होती, ती तिथेच दुरुस्त केली. पण जाताना मावशी म्हणाल्या, "नंबर बदललात ते बरं झालं. पण मेसेज आला तरी तो उघडायचा कसा, ते कुठं ठावं हाय मला?"

बाई सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. रोजचा पेपर वाचतात. स्वतःच्या उसाचे वजन मात्र त्यांना दुसऱ्याला विचारावे लागते. ही गोष्ट आम्हांला लागली, म्हणून हा लेख.

गेल्या काही वर्षांत शेतकऱ्याचे किती कागद फोनमध्ये गेले ते पाहा. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करावयाची झाली. २०२२ साली साखर आयुक्तालयाने ऊस नोंदीसाठी अ‍ॅप काढले. ठिबकचे अनुदान हवे तर अर्ज महाडीबीटीवर. २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. या सोयी चांगल्याच आहेत. तलाठ्याच्या मागे आठ-आठ दिवस हिंडणारे आपले वडील आम्ही पाहिले आहेत. पण ज्याला फोन चालवता येत नाही त्याचे हिंडणे संपलेले नाही. पूर्वी तो तलाठ्याच्या मागे हिंडायचा, आता फोनवाल्या पोराच्या मागे हिंडतो. ठिबकच्या अर्जाची निवड झाल्याचा मेसेज वेळेत पाहिला नाही, कागद जोडायची मुदत गेली आणि अर्ज बाद झाला, असे सभासद आमच्या गटातही आहेत. कुणी फोनवर गोड बोलून ओटीपी विचारला आणि खात्यातले ऊसबिल गेले, अशा बातम्या तर रोज येतात. अशा वेळी ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावयाचा असतो, हे तरी किती जणांना ठाऊक आहे?

सभासदांची ही कथा, तर ऊसतोड मजुरांचे काय सांगावे! मुकादमाने उचल किती दिली, फिटली किती, हा हिशेब त्याच्याच वहीत. गावाकडचे रेशन कार्ड इथल्या दुकानातही चालते, हे कोपीवर राहणाऱ्या कितीतरी बायांना माहीत नाही. आपला ऊस त्यांच्या कोयत्याने गाळपाला जातो. तेव्हा हा प्रश्न त्यांच्या गावचा म्हणून सोडून देता येणार नाही.

आता कुणी म्हणेल, याला सरकारची योजना आहे की. होती. केंद्र सरकारने २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढले. घरटी एका माणसाला २० तासांचे फुकट शिक्षण, आणि सहा कोटी माणसांचे उद्दिष्ट. ३१ मार्च २०२४ रोजी ते अभियान संपले, तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोक शिकून झाल्याची नोंद झाली. आकडा मोठा आहे, आणि त्याचा आम्ही अनादर करीत नाही. पण घरटी एक म्हटले की आपल्या घरातून कोण जातो? थोरला पोरगा. ज्याला आधीच येते तोच पुन्हा शिकतो, आणि मावशी चुलीपाशीच राहतात. अनेक जिल्हा परिषदा महिला व बालकल्याणाच्या निधीतून सातवी ते बारावी पास मुलींना संगणक शिकवतात. तेही काम मोलाचे आहे, पण शाळा सुटलेली मुलगी आणि तिची आई त्यात बसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हे काम आता ग्रामपंचायतीने आपल्या पैशातून करावे. कायद्याची अडचण नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत दिले. तांत्रिक प्रशिक्षण, प्रौढ शिक्षण आणि ग्रंथालये हे तिन्ही त्यांत आहेत. आपल्या राज्याच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील ग्रामसूचीतही शिक्षण आहेच. पैशाचे म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे बंधन आहे. वित्त आयोगाचा निधी येतो तो वेगळाच. २०२१ ते २०२६ या काळात त्यातला ४० टक्के भाग गावाच्या गरजेप्रमाणे वापरण्यास मोकळा ठेवलेला होता. या रकमांचे पुष्कळ ठिकाणी काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. मार्च जवळ आला की सतरंज्या, खुर्च्या आणि भांडी खरेदी होतात. खुर्च्या मोडतात, शिकलेले मोडत नाही.

हे जमेल का, अशी शंका येणाऱ्यांसाठी दोन ठिकाणची हकीकत सांगतो.

पहिली आपल्याच घरची. १९९८ साली वारणा परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. केंद्र व राज्य सरकार आणि वारणेची शिक्षणसंस्था यांनी मिळून पैसा घातला. गावोगावी संगणक केंद्रे झाली. उसाची नोंद, वजन, बिल ही माहिती गावात मिळू लागली, आणि शेतकऱ्याची कारखान्याची खेप वाचली. देशभर तिचे नाव झाले. पण काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तर केंद्रांचा वापर मुख्यतः कारखान्याच्या कामापुरताच उरला होता, आणि संगणकासमोर बसत होता तो केंद्रचालक. शेतकरी खिडकीच्या अलीकडेच. पुढे काही गावांत त्याच कामासाठी साध्या मोबाईलवरच्या मेसेजचा प्रयोग झाला. वारणेने वाट पाडली, तिचा मान मोठाच आहे. पण आम्ही त्यातून एवढे शिकलो की यंत्र गावात आले म्हणजे विद्या घरात आली असे होत नाही. पैसा यंत्रावर घालावा त्याहून अधिक शिकवण्यावर घालावा.

दुसरी हकीकत केरळची. २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात घरटी एकाला संगणक शिकवण्याचे काम पंचायतींनी अंगावर घेतले. दर कुटुंबामागे १४० रुपये खर्च धरला. त्यातले १२० रुपये ग्रामपंचायत, ब्लॉक पंचायत व जिल्हा पंचायत यांनी मिळून भरले. घराला पडले २० रुपये. वीस वर्षांनी त्याच राज्यातील पुल्लम्पारा या ग्रामपंचायतीने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे माणसे वर्गात येण्याची वाट पाहिली नाही. रोजगार हमीच्या कामावर आणि महिला गटांच्या बैठकीत जाऊन शिकवले. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर जाहीर झाली. राज्याने तोच कित्ता गिरवला, २१ लाखांहून अधिक लोकांना शिकवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सारे राज्यच तसे जाहीर केले. सुरुवात झाली ती मात्र एका गावात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, आधी पाणी आणि रस्ता, मग हे. आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. पावसाळ्यात उसाची वाहने कशी रुततात ते आमच्याइतके कोणी भोगत नसेल. पण वर सांगितलेला राखीव निधी ज्यांच्यासाठी राखला आहे त्यांच्यासाठीच खर्चावा लागतो. मग तो सतरंज्यांत का घालावा? दुसरा, पोरं शिकवतील की घरच्या घरी. शिकवत नाहीत. "आई, तुला नाही कळायचं, दे इकडं" म्हणतात आणि स्वतःच करून टाकतात. आमचे चिटबॉयही तेच करतात, आणि खरे सांगायचे तर आम्हीही तेच करतो. कारण करून देणे सोपे, शिकवणे अवघड. तिसरा, थोडी फी ठेवावी, फुकटच्याला किंमत राहात नाही. मजुराच्या बाबतीत हे खरे नाही. तो संध्याकाळचे दोन तास आणि दिवसभराचा थकवा घेऊन येतो, ती त्याची फीच आहे.

करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. शाळेची खोली संध्याकाळी मोकळी असते, ती घ्यावी. महागडी यंत्रे घेऊ नयेत; ज्याने त्याने आपलाच फोन आणावा, आणि फोन नसलेल्यांसाठी चार-दोन पंचायतीने ठेवावेत. मुख्य खर्च शिकवणाऱ्याच्या मानधनाचा. तो बसतो कोणत्या शीर्षात, हे भाऊसाहेबांना विचारून आधी पक्के करावे. शिकवणारी शक्यतो गावातलीच शिकलेली मुलगी किंवा सून असावी. बाया तिच्यापुढे संकोचत नाहीत. धडेही कामाचेच असावेत. मेसेज उघडणे, बँकेतली शिल्लक पाहणे, सातबारा काढणे, पीक पाहणी करणे, आणि ओटीपी कुणालाही न सांगणे. आणि वर्ग वस्तीवर, तांड्यावर, कोपीवरही भरावा. गावच्या चावडीवर भरलेला वर्ग तिथवर जात नाही.

यात एक मोठी मेख आहे. गावचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जुळू लागतो. त्याच सुमारास आपली गळीत हंगामाची धावपळ सुरू होते, आणि ऊसवाला सभासद ग्रामसभेला जातच नाही. तोड कधी येणार हे विचारायला आमच्या ऑफिसात शंभर माणसे जमतात, पण ग्रामसभेला कोरम भरत नाही. आराखड्यात एक ओळ घालून घ्यायची तर एक सकाळ खर्ची घालावी लागेल. घरातील बायांनाही बरोबर न्यावे. मागणी त्यांच्या तोंडून आली तर तिचे वजन पडेल.

आमच्या खात्याकडून आम्ही दोन गोष्टी कबूल करतो. येत्या नोंदीपासून सभासदाचा स्वतःचाच नंबर लिहिला जाईल, आणि चिटबॉय तो नंबर तिथल्या तिथे लावून पाहील. ज्या गावची पंचायत वर्ग काढील, तिथे ऊस नोंद, तोड कार्यक्रम आणि वजनाचा मेसेज हा धडा शिकवायला आमचा माणूस येईल. बाकीचे मागणे पंचायतीकडे आहे, आणि पंचायत म्हणजे आपणच.

मावशींचा खोडवा यंदाही उभा आहे. तो काट्यावर जाईल तेव्हा मेसेज त्यांच्याच फोनवर जाणार. तोवर तो उघडायला त्यांना गावाने शिकवलेले असावे, एवढीच आमची इच्छा.

— ऊस विकास अधिकारी