हार्वेस्टरची कंपनी बदलली, तरी सोयाबीनचे दाणे फुटतातच

सोयाबीन काढणी आली की पारावर हार्वेस्टरची चर्चा रंगते. कुणी करतारची बाजू घेतं, कुणी प्रीतची, तर काहींना जॉन डिअरच हवं असतं. दाणे फुटले की पुढच्या साली दुसऱ्या कंपनीचं मशीन बोलवायचं ठरतं.

पण दाणा बऱ्याचदा फुटतो तो ड्रमच्या वेगानं. भाडं एकरावर, त्यामुळे ऑपरेटरला घाई. घरचं बियाणं ठेवणाऱ्याचा खरा तोटा इथंच होतो. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ. आतला मार डोळ्याला दिसत नाही, पेरणीच्या वेळी उगवण ७० टक्क्यांखाली आली की कळतं. म्हणूनच बियाण्याची मळणी मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांवर करा, असं कृषी विभाग सांगतो.

मशीनमालकांचं गणित वेगळं. सुटे भाग तालुक्याला मिळतात का, पंजाबहून येणाऱ्या ऑपरेटरचा हात कोणत्या मशीनवर बसलाय, हे पाहून ते कंपनी ठरवतात. भर हंगामात एका बेअरिंगसाठी मशीन दोन दिवस उभं राहिलं तर हप्ता कुठून भरणार?

शेतकऱ्यानं मात्र पहिल्याच फेरीला टाकीतले मूठभर दाणे पाहावेत. फुटके दिसले तर ड्रम हळू करायला लावावा. बियाण्याचा तुकडा तर हार्वेस्टरला न दिलेलाच बरा.