कुष्ठरोग: औषध आले, कायदा बदलला, घराचे काय?

३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन देशात कुष्ठरोगविरोधी दिन म्हणूनही पाळला जातो. वर्धा जिल्ह्याचे या आजाराशी जुने नाते आहे. दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. पुढे सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा केली. तरीही २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला, तेव्हा मुख्य औषध होते डॅप्सोन. ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे. त्यामुळे ‘असाध्य’ कुष्ठरोग हा शब्द कायद्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि भारतात तो सुरुवातीला राबवला गेलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. आता सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो. उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने संपते.

कायद्याला हे मान्य करायला जवळपास चार दशके लागली. विधी आयोगाने २०१५ मध्ये शिफारस केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेने हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती व विशेष विवाहाच्या कायद्यांतून हे कारण वगळले.

पण घर मोडायला दरवेळी न्यायालय लागत नाही. सुनेच्या अंगावर बधिर चट्टा दिसला की तिला ‘थोडे दिवस’ माहेरी पाठवले जाते. या भीतीने बाई चट्टा पदराआड लपवते. उपचार लांबतो, नसा निकामी होतात, बोटे वाकतात. टाळता आले असते ते अपंगत्व कायमचे होते. देशात आजही दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात.

कुष्ठरोग आनुवंशिक नाही. गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजतानाही हे औषध घेता येते. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. संवेदना नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा दिसल्यास आशाताईंना दाखवावा. आजाराचे निमित्त करून कुणाला घराबाहेर काढले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, वकील मोफत मिळतो.