भगताला हसण्याआधी ही केबल बघा

जपानमधल्या एका ८२ वर्षांच्या वकिलाने गाणी जास्त चांगली ऐकू यावीत म्हणून घराबाहेर स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब उभा करून घेतला. थट्टा नाही, २०१६ साली अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही बातमी छापली होती. सिमेंटचा साधारण ४० फुटी खांब, वर त्यांच्या एकट्याच्या घरासाठी ट्रान्सफॉर्मर, खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास. घरात ६० हजार डॉलरचा ॲम्प्लिफायर आधीपासून होताच. पण शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेली वीज ‘शुद्ध’ नसते आणि अशुद्ध विजेवर गाणं खुलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या मोखाड्यात पावसाळ्यात एक खांब वाकला की अख्खा पाडा अंधारात बसतो. त्यामुळे हे वाचून तुम्हाला हसू येणार. पण इतक्यात हसू नका, कारण ही गोष्ट फिरून आपल्याच दारात येणार आहे.

उत्तम आवाजाचं वेड असलेल्या मंडळींना इंग्रजीत ऑडिओफाइल म्हणतात. आपण त्यांना हाय-फायवाले म्हणू. चांगला स्पीकर आणि साधा स्पीकर यांत फरक असतोच, त्यात वाद नाही. खोलीचाही फरक पडतो. पत्र्याच्या शेडमध्ये आणि शेणाने सारवलेल्या कुडाच्या घरात एकच गाणं लावून बघा, कळेल. पण हे वेड तिथे थांबत नाही. हजारो डॉलरची केबल येते. केबल जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली ठेवायचे छोटे स्टँड येतात. शंभर-शंभर डॉलरचे फ्यूज येतात आणि ते ‘योग्य दिशेनेच’ बसवा असं सांगतात. अरे, घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, तिला कसली आली दिशा? सीडीच्या कडेला हिरव्या पेनाने रंग दिला की आवाज सुधारतो, असं एके काळी लोक छातीठोकपणे सांगायचे. काचेच्या बरणीत भरलेले खडे स्पीकरजवळ ठेवायला विकले गेले, तेही गंभीरपणे.

वीज शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या साध्या तारेतून, डोंगर-दऱ्या ओलांडून येते. शेवटच्या दीड मीटरला सोन्याचा मुलामा दिल्यावर ती शुद्ध कशी होणार? दहा किलोमीटरच्या गंजक्या पाइपला शेवटी चांदीची तोटी लावण्यासारखंच हे.

मग हे लोक मूर्ख आहेत का? बिलकूल नाही. यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, वकील तर आहेतच. ते खोटंही बोलत नाहीत. नवी केबल लावल्यावर गाणं उघडल्यासारखं वाटलं असं ते सांगतात, तेव्हा त्यांना ते खरोखर तसं वाटलेलं असतं. खरी गंमत इथेच आहे.

२००८ साली अमेरिकेतल्या कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोनदा पाजली. एकदा सांगितलं १० डॉलरची आहे, एकदा सांगितलं ९० डॉलरची. ९० डॉलरची म्हणून प्यायलेली वाइन लोकांना जास्त आवडली. नुसतं तोंडदेखलं नाही बरं का. मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं आणि सुख नोंदवणारा मेंदूचा भाग खरोखर जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे किंमत, विकणाऱ्याचा शब्द, आपण घातलेला पैसा, हे सगळं आपल्या जिभेत आणि कानात मिसळतं. एकदा मिसळलं की यातलं जिभेचं किती आणि मनाचं किती, हे आतून कळत नाही. त्यामुळे ‘मला स्वतःला अनुभव आलाय’ हा पुरावा होत नाही. अनुभव खरा असतो, त्याचं सांगितलेलं कारण खोटं असू शकतं.

हे ओळखायचा मार्ग एकच, डोळे बांधून परीक्षा. काय चालू आहे ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि मग विचारायचं. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी असा प्रयोग छापला. एका बाजूला उच्च दर्जाची महागडी डिस्क, दुसऱ्या बाजूला तोच आवाज साध्या सीडीच्या दर्जाला उतरवलेला. कोणता कोणता ते ओळखा. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे निम्म्याला निम्मं. नाणं उडवून छापा-काटा केला असता तरी एवढंच आलं असतं.

त्याहून मोठा किस्सा २०२२ सालचा. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या रेकॉर्ड काढते. डिजिटलचा स्पर्श नाही, मूळ टेपवरून थेट रेकॉर्ड, अशी तिची ख्याती. डिजिटल आवाज कोरडा असतो, आम्हाला लगेच कळतो, असं म्हणणारे शौकीन याच रेकॉर्डची उदाहरणं देत. २०२२ च्या जुलैमध्ये बाहेर आलं की कंपनी २०११ पासून तिच्या बऱ्याच रेकॉर्डसाठी मधला एक टप्पा डिजिटलच वापरत होती. इतकी वर्षं जगातल्या सगळ्यात तिखट कानांना पत्ता लागला नाही. कळलं त्या दिवशी मात्र संताप झाला, खटले झाले, कंपनीला अडीच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. फसवणूक झाली होती हे मान्यच. पण विचार करा, आदल्या रात्रीची रेकॉर्ड आणि दुसऱ्या दिवशीची रेकॉर्ड एकच होती. बदलली ती फक्त माहिती.

म्हणजे विचित्र दिसणारं सगळंच थोतांड असतं, असं मात्र नाही. तानपुऱ्याचं बघा. तारेखाली घोडीवर सुताचा साधा दोरा सरकवतात आणि आवाज एकदम झंकारायला लागतो. यालाच जवारी लागणं म्हणतात. कुणाला नुसतं सांगितलं तर वाटेल, दोऱ्याने काय होतंय? पण डोळे मिटून बसा आणि कोणाला तरी दोरा काढायला सांगा. गाण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही फरक कळेल. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच तानपुरा आणि वीणेच्या या घोडीमागचं विज्ञान मांडलं होतं. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जवारी काढतायत, २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपला तारपा घ्या. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि सांध्यांना मेण. शहरातल्या माणसाला वाटेल मेण कशाला फासलंय? पण एका सांध्यातून हवा निसटू द्या, तारपा लगेच चाड्या सांगेल. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो या भोपळ्या-मेणाच्या वाद्यावर.

म्हणून दोऱ्याला किंवा मेणाला हसायचं कारण नाही. दोरा डोळे बांधूनही पास होतो. लाखाची केबल परीक्षेलाच बसायला तयार नसते.

आता आपल्या दारात येऊ.

आपल्या जव्हार-मोखाड्यावर बाहेरचा कोणी लिहितो तेव्हा एक वाक्य ठरलेलं असतं. आदिवासी अंधश्रद्धाळू आहेत, आजारी पडले की भगताकडे जातात. बदलून आलेले साहेब लोक, शिक्षक, कधी कधी आमच्या धंद्यातले लोकसुद्धा हे वाक्य हसत हसत बोलतात. भगताकडे लोक जातात, हे खरं आहे. आणि त्याने जीव जातात, हेही खरं आहे. ते लपवायचं काहीच कारण नाही.

पण भगताचा ‘गुण’ येतो कुठून? साप चावला म्हणून आलेल्यांपैकी कित्येकांना बिनविषारी साप चावलेला असतो. विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचलं जातंच असं नाही. हे लोक भगताने दाणे टाकून बघितलं, मंत्र म्हटला तरी वाचतात आणि नसता म्हटला तरी वाचले असते. पण वाचलेला माणूस गावभर सांगत फिरतो, गेलेला सांगायला येत नाही. केबलवाल्याचंही तेच. ज्याला फरक वाटला तो सांगतो, ज्याला नाही वाटला तो गप्प बसतो, कारण त्याला आपलेच कान कमी पडल्यासारखं वाटतं.

विश्वासाची घडण दोघांची एकच. फरक दोन ठिकाणी आहे.

पहिला फरक असा की, केबलने फक्त खिसा रिकामा होतो. मण्यार चावून माणूस मंत्रावर थांबला तर सकाळ उजाडत नाही. म्हणून भगताचा प्रश्न जास्त गंभीर आहे आणि त्यात मवाळपणा नको.

दुसरा फरक कोणी बोलत नाही. जपानच्या वकिलाकडे सगळं होतं: शिक्षण, पैसा, माहिती, वेळ. आपल्या पाड्यावरच्या बाईकडे रात्री दोन वाजता काय असतं? रस्ता नाही, गाडी नाही, झोळी करून नदी ओलांडायची, पुढे डॉक्टर भेटेलच याची खात्री नाही. भगत मात्र शेजारी आहे. नावाने हाक मारतो, कुटुंब ओळखतो, रात्रभर उशाशी बसतो. ज्याच्याकडे पर्याय नव्हता त्याच्या विश्वासाला आपण अंधश्रद्धा म्हणतो. ज्याच्याकडे सगळे पर्याय होते त्याच्या विश्वासाला शौक म्हणतो. हा कुठला न्याय?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. कायदा योग्यच आहे. पण दाभोलकरांचं काम फक्त भगत-बाबांपुरतं नव्हतं, हे आपण विसरतो. डॉ. जयंत नारळीकर आणि दाभोलकर यांनी २००८ मध्ये पुण्यातून शिकल्या-सवरल्या लोकांच्या ज्योतिषाचीही परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. कोणती कोणाची ते ज्योतिषांनी सांगायचं, प्रत्येकाला ४० पत्रिका. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. पुन्हा छापा-काटाच! अमेरिकेतला ५५४ वेळांचा कान आणि पुण्यातली पत्रिका, निकाल एकाच जातीचा.

मोजल्याने काय होतं, हेही आपल्या कोकणानेच दाखवलंय. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. विंचूदंशाने माणसं पटापट मरत होती. त्यांनी मांत्रिकांना नुसत्या शिव्या घातल्या नाहीत. ते रुग्णाशेजारी रात्र-रात्र बसले, नोंदी केल्या, प्राझोसिन हे औषध वापरून बघितलं, किती वाचले आणि किती गेले ते जगासमोर मांडलं. सुमारे ४० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. लोक औषधाकडे वळले ते भाषणांनी नाही. माणूस वाचतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

आपल्याकडेही तेच करावं लागेल. भगताला हसून कोणी दवाखान्यात जात नाही, उलट लपवून भगताकडे जातो आणि उशिरा दवाखान्यात येतो. भगताला सोबत घ्या. ‘मंत्र गाडीत म्हण, पण पेशंट आधी गाडीत घाल,’ असं त्याला सांगता आलं पाहिजे. आणि गाडी पोचेल तिथे डॉक्टर आणि सर्पदंशाची लस हजर पाहिजे. नाहीतर आमचा विज्ञानावर विश्वास ठेवा म्हणायला तोंड राहत नाही.

आणि आपण शिकलेल्यांनी स्वतःची तपासणी सुरू करावी. बाजारात ‘पॉवर सेव्हर’ नावाची डबी मिळते, प्लगला लावली की बिल कमी. आत बहुतेक एक कपॅसिटर आणि एक दिवा. घरगुती मीटर जी वीज मोजतो ती याने कमी होत नाही. तो जपानी खांबाचाच गरीब भाऊ. फिल्टर विकणारा पोरगा येतो, तुमच्या पाण्यात दोन सळ्या बुडवतो, पाणी तपकिरी होतं आणि आपण घाबरतो. ती घाण पाण्यातली नसते, विजेने झिजलेल्या लोखंडी सळीची असते. त्याच्या ‘शुद्ध’ पाण्यात क्षार कमी म्हणून वीज वाहत नाही, एवढंच. त्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग सळ्या बुडवायला सांगा. तेही तितकंच घाण होईल.

विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना विनंती, हे प्रयोग वर्गात करून दाखवा. मिठाला पैसे लागत नाहीत. पुढच्या आठवडी बाजारात पॉवर सेव्हरवाला दिसला तर त्याला चारचौघांत मीटरपाशी घेऊन जा. आणि साप चावला तर मांत्रिक, कोंबडी, ब्लेड काही नको. चावलेला भाग हलवू नका, १०८ ला फोन करा, गाडी मिळेल त्या गाडीने निघा. भगतालाही गाडीत बसवा, जागा असेल तर.